खातं सुरू होतं आणि दोन महिन्यांत पुन्हा बंद पडतं, तेव्हा कुठे बघायचं

लक्षण ओळखीचं आहे. सकाळी मेल येतो: तुमचं विक्रेता खातं निष्क्रिय करण्यात आलं आहे. पोटात गोळा येतो, तासाभरात आपण लांबलचक माफीनामा लिहून पाठवतो. कधीकधी तो चालून जातो, खातं उघडतं आणि आपण सुटलो म्हणून कामाला लागतो. सहा-सात आठवड्यांनी तोच मेल पुन्हा येतो, जवळजवळ त्याच शब्दांत.

माझ्या बाबतीत हे एका वर्षात दोनदा झालं. मी स्वयंपाकघरातले डिजिटल वजनकाटे ऑनलाइन विकतो. दुसऱ्या वेळी खातं सव्वा महिना बंद होतं. त्या रिकाम्या दिवसांत लक्षात आलं की पहिल्या अपिलात मी मेलला उत्तर दिलं होतं, मूळ बिघाडाला हातच लावला नव्हता. खातं वारंवार बंद पडणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडलेलं असतं, म्हणून हे लिहितोय.

आधी मेल नीट वाचा, अपील नंतर

पहिल्या दिवशी काहीच पाठवू नका. मेल छापून घ्या किंवा वहीत उतरवून काढा, आणि त्यात नेमका कोणता शब्द आलाय ते बघा. ‘कामगिरी’ म्हणतायत, की ‘वस्तूची सत्यता’? ‘वापरलेली वस्तू नवीन म्हणून विकली’ म्हणतायत, की ‘बौद्धिक संपदा’? ‘ओळख पडताळणी’ आहे, की ‘संबंधित खातं’? प्रत्येकाची वाट वेगळी आहे. सत्यतेच्या प्रश्नाला पॅकिंग सुधारल्याचं उत्तर दिलं, तर समोरच्या माणसाला नकाराचं बटण दाबायला अर्धं मिनिटही लागत नाही.

मेल मोघम असेल तर खात्याच्या आरोग्याचं (अकाउंट हेल्थ) पान उघडा. बंद खात्यातही ते बहुधा दिसतं. तिथे आधीचे इशारे सापडतील, आणि त्यातले दोन-तीन तुम्ही वाचलेच नव्हते हेही कळेल. अ‍ॅमेझॉनवर हे आरोग्य ० ते १००० गुणांत मोजतात: २०० आणि वर निरोगी, १०० ते १९९ धोक्यात, ९९ किंवा खाली म्हणजे खातं बंद होण्याच्या पंक्तीत. नियमभंगाच्या नोंदी तिथे १८० दिवस धरल्या जातात. आज खातं बंद झालं म्हणून कारण कालच्या ऑर्डरमध्येच असेल असं नाही, ते पाच महिन्यांपूर्वीचंही असू शकतं.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, कारण ती लोक पहिल्याच रात्री करून बसतात. नवीन खातं उघडू नका. भावाच्या नावाने नाही, बायकोच्या नावाने नाही, दुसऱ्या लॅपटॉपवरूनही नाही. बँक खातं, कार्ड, पत्ता, फोन, उपकरण, इंटरनेट जोडणी यांतलं काही ना काही जुळतंच, आणि मग साध्या उशिराच्या डिलिव्हरीचं प्रकरण फसवणुकीचं होऊन बसतं.

आकडे कुठून बिघडतात

कामगिरीचं प्रकरण असेल तर मर्यादा माहीत हव्यात. अ‍ॅमेझॉनवर सदोष ऑर्डरचं प्रमाण १ टक्क्याच्या आत, उशिरा रवाना केलेल्या ऑर्डर ४ टक्क्यांच्या आत, पाठवण्याआधी आपण रद्द केलेल्या २.५ टक्क्यांच्या आत, आणि वैध ट्रॅकिंग ९५ टक्क्यांच्या वर लागतं. ईबेवर सदोष व्यवहारांची मर्यादा २ टक्के आहे आणि विक्रेत्याची पातळी दर महिन्याच्या २० तारखेला ठरते. बाकी ठिकाणची चौकट साधारण अशीच, आकडे आपल्या पॅनलवर बघावेत.

छोट्या विक्रेत्याला हे प्रमाण जास्त छळतं. सदोष ऑर्डरचा हिशोब अ‍ॅमेझॉन ६० दिवसांवर काढतं. महिन्याला ३० ऑर्डर जात असतील तर ६० दिवसांत झाल्या ६०. त्यात एक तक्रार आली की प्रमाण १.६७ टक्के, म्हणजे एका फटक्यात मर्यादेच्या पार. एक तक्रार पचवायची तर शंभरावर ऑर्डर हव्यात, दोन पचवायच्या तर दोनशेवर. कमी ऑर्डर असणाऱ्याने म्हणून प्रत्येक नाराज ग्राहकाकडे हातातली पावती बाजूला ठेवून बघावं. दोन वजनकाट्यांचे पैसे परत करणं, हे एका चिडलेल्या ग्राहकाने कार्डाच्या बँकेकडे तक्रार नेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. सदोष ऑर्डरमध्ये तीनच गोष्टी मोजतात: वाईट फीडबॅक, प्लॅटफॉर्म ग्राहकाला देतो त्या हमीखाली केलेला दावा आणि कार्डाच्या बँकेमार्फत परत ओढलेले पैसे. ग्राहकाने आपल्याला आधी मेसेज केला आणि आपण त्याच दिवशी उत्तर दिलं, तर यांतलं काहीच घडत नाही असा माझा अनुभव. फीडबॅकमध्ये विक्रेत्याबद्दल काही नसून नुसतं वस्तूचंच परीक्षण असेल, तर तो काढण्याची विनंती करता येते. लोक ती करत नाहीत, आणि आकडा उगाच अंगावर बाळगतात.

उशिरा रवानगीचं मूळ बहुतेक वेळा आळसात नसतं, सेटिंगमध्ये असतं. पॅकिंगची मुदत एक दिवस ठेवलेली, आणि प्रत्यक्षात पार्सल न्यायला माणूस एक दिवसाआड येतो. किंवा आपण लेबल वेळेवर काढतो, पण पार्सलचं पहिलं स्कॅन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. आपल्या पडद्यावर ‘रवाना’, त्यांच्या पडद्यावर ‘उशीर’. गेल्या महिन्यातली वीस पार्सलं घ्या, लेबल काढल्याची वेळ आणि पहिल्या स्कॅनची वेळ शेजारी शेजारी लिहा. अर्ध्या तासात उत्तर मिळतं. मुदत एकाची दोन दिवस केली की विक्री थोडी घसरते खरी, पण बंद खात्याची विक्री शून्य असते.

ऑर्डर रद्द होण्याचं मूळ म्हणजे एकच माल दोन ठिकाणी लावलेला असतो. तिकडे शेवटचा नग गेला, इकडे साठा अजून १ दाखवतोय. साठा पाचवर आला की एका ठिकाणची लिस्टिंग बंद करायची, इतका साधा नियम मला पुरतो. यात एक चलाखी सर्रास चालते: माल नसताना ऑर्डर रद्द करून कारण द्यायचं, ‘ग्राहकाने सांगितलं’. ग्राहकाकडून तसा मेसेजच आलेला नाही, हे त्यांना दिसत असतं. असं करू नका.

‘वापरलेलं नवीन म्हणून विकलं’: माझा घोटाळा

दोन्ही वेळा माझ्या मेलमध्ये हाच शब्दप्रयोग होता. पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला. माझा सगळा माल थेट उत्पादकाकडून येतो, वापरलेला कुठून असणार? मी तसंच लिहिलं. वर हेही लिहिलं की काही ग्राहक फुकट पैसे परत मिळवायला खोटं बोलतात. खातं कसंबसं उघडलं.

दुसऱ्या वेळी परतीचा अहवाल उतरवून घेतला, कारणानुसार लावला, आणि ग्राहकांनी जोडलेले फोटो मोठे करून पाहिले. एका फोटोत खोकं कोरं करकरीत होतं, आणि काट्याच्या कडेच्या खाचेत पिठाची बारीक पांढरी रेघ. कारखान्यातून आलेल्या काट्यात पीठ कुठून येणार?

आमच्या काट्याला बॅटरीच्या झाकणातून एक पारदर्शक पट्टी बाहेर आलेली असते. ग्राहकाने ती ओढली की बॅटरी जोडली जाते. म्हणजे पट्टी नसलेला काटा कुणीतरी चालू केलेला आहे, यात वादच नाही. मी उठून मांडणीतली पहिली दहा खोकी उघडली. दोन खोक्यांत पट्टी नव्हती. मदतीला असलेला मुलगा परत आलेली खोकी बाहेरून बघायचा; कोपरे दबलेले नसले की सरळ नव्या मालात. त्याला तसं मीच सांगितलं होतं, ‘खोकं चांगलं असेल तर ठेवून दे’ म्हणून. ग्राहक खोटं बोलत नव्हते.

तुमचा माल वेगळा असेल, खूण वेगळी असेल. कपड्यांना सुगंधी द्रव्याचा वास असतो, बुटाच्या तळव्याला धूळ, मोबाइलच्या चार्जरच्या वायरला एकदा सोडून पुन्हा बांधल्याची सैल गाठ. परत आलेला नग हातात घेऊन, ‘हा कुणी वापरलाय हे मला कशावरून कळेल?’ असं स्वतःला विचारा. ते कळायला मार्गच नसेल, तर परतीचा माल नवा म्हणून विकूच नका. माल प्लॅटफॉर्मच्या गोदामातून जात असेल तर परत आलेला नग तिथे आपोआप पुन्हा साठ्यात चढतो का, तेही तपासा. तो चढत असेल आणि तक्रारी वाढत असतील, तर थोडा साठा स्वतःकडे मागवून डोळ्यांनी बघणं हाच खात्रीचा उपाय.

याच जातीची दुसरी तक्रार म्हणजे ‘वर्णनाप्रमाणे नाही’. इथे बहुधा जुना फोटो गुन्हेगार असतो. उत्पादकाने बटणाचा रंग बदलला, डब्यातून एक सुटा भाग कमी केला, आणि आपली लिस्टिंग दोन वर्षांपूर्वीच्या फोटोवर चालली आहे. नवीन खेप आली की एक खोकं उघडून लिस्टिंगशेजारी धरायचं, पाच मिनिटांचं काम.

बिलं, ब्रँड आणि फोटो

सत्यतेचा प्रश्न आला की बिलं मागतात. किरकोळ दुकानाची पावती इथे चालत नाही. पुरवठादाराचं नाव, पत्ता, संपर्क असलेलं, तुमचं नाव-पत्ता खात्यातल्याशी अक्षरशः जुळणारं बिल लागतं. साधारणपणे गेल्या ३६५ दिवसांतलं, आणि विकलेल्या नगांना पुरेल इतक्या संख्येचं. १०० नग विकलेत आणि बिल ४० चं, तर उरलेले ६० कुठून आले हा प्रश्न उभाच राहतो. अ‍ॅमेझॉनवर खरेदीचे दर झाकलेले चालतात, बाकी काहीही झाकलेलं चालत नाही. बिलावर पत्ता जुना असेल तर पुरवठादाराकडून सुधारित बिल मागून घ्या. स्वतः पीडीएफमध्ये दुरुस्ती करू नका, अगदी खरीच माहिती टाकायची असली तरी. पुरवठादाराला फोन करून खातरजमा होते, आणि बनावट कागद सापडला की परतीचा दोर तिथेच कापला जातो.

ब्रँडच्या तक्रारीत लोक घाईने लिस्टिंग उडवतात. लिस्टिंग जाते, तक्रार नोंदीत राहते. आधी बघा तक्रार ट्रेडमार्कची आहे, कॉपीराइटची आहे की पेटंटची. कॉपीराइट म्हणजे बहुधा फोटो किंवा मजकूर. उचललेले असतील तर मान्य करा, स्वतःचे काढा. ट्रेडमार्कमध्ये नेहमीची चूक शीर्षकातली: ‘अमुक ब्रँडचं कव्हर’ आणि ‘अमुक ब्रँडच्या फोनला बसणारं कव्हर’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेटंटचं प्रकरण असेल तर वकिलाकडे जा, इथे माझं ऐकू नका.

तक्रारदाराचा मेल पत्ता सूचनेत असतो. त्याला सभ्य भाषेत लिहा, माल अस्सल असल्याची बिलं जोडा, तक्रार मागे घेण्याची विनंती करा. दमदाटीची भाषा नको, ते पत्र फिरून प्लॅटफॉर्मच्याच टेबलावर पोचतं. कॉपीराइटची तक्रार चुकीचीच असेल, तर अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली प्रतिसूचना, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचं लेखी उत्तर, देता येते. तक्रारदार कोर्टात गेला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावला जातो. पण ती प्रतिसूचना खोट्या शपथेची जबाबदारी घेऊन सही करायची असते, हे ध्यानात ठेवा.

कागदपत्रं आणि जोडलेली खाती

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि सगळ्यात सोपाही. ओळखपत्र, बँक आणि पत्त्याचा पुरावा या तिन्हींवर नाव एकसारखं हवं. एकीकडे मधलं नाव पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर, एवढ्यावरही पडताळणी अडते. फोटो चारही कोपरे दिसतील असा काढा. घर किंवा कार्ड बदललं तर सगळे तपशील एकाच दिवशी धडाधड बदलू नका. चोरलेल्या खात्यात चोर नेमकं तेच करतो, आणि यंत्रणा तुम्हालाही त्याच नजरेने बघते.

जोडलेल्या खात्याचं बालंट मात्र कुठूनही येतं. लिस्टिंग करून देणारा माणूस एकाच लॅपटॉपवरून पंधरा विक्रेत्यांची खाती उघडतो. त्यातलं एक बंद झालं की बाकीच्यांची पाळी येते. अशा माणसाला आपला पासवर्ड देऊ नका, खात्यातून वेगळा वापरकर्ता म्हणून मोजकी परवानगी द्या. काम संपलं की काढून टाका. तुमचं स्वतःचंच जुनं, विसरलेलं, बंद पडलेलं खातं असेल तर आधी त्याचा निकाल लावावा लागतो. समोरचं खातं ओळखीचंच नसेल तर तसं सरळ लिहा, आणि कोणत्या मार्गाने संबंध जुळला असेल याचा अंदाजही द्या. ‘आमचा काहीही संबंध नाही’ एवढ्या एका ओळीवर सहसा काही हलत नाही.

परीक्षणांबद्दल दोनच वाक्यं. खोक्यात ‘पाच तारे द्या, भेट मिळवा’ असं कार्ड टाकू नका आणि नातेवाइकांना परीक्षण लिहायला लावू नका; एक ग्राहक कार्डाचा फोटो काढून पाठवतो आणि तेवढ्यावर खातं जातं.

अपील कसं लिहायचं

तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: मूळ कारण काय, ते आत्तापर्यंत कसं निस्तरलं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. माझं पहिलं अपील असं होतं:

‘आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. आमचा माल शंभर टक्के नवीन आहे. काही ग्राहक गैरफायदा घेतात. यापुढे आम्ही दर्जाची पूर्ण काळजी घेऊ. आमच्या कुटुंबाचा उदरनिर्वाह यावर आहे.’

दुसरं, ज्यावर खातं कायमचं सुटलं:

‘परत आलेल्या नगांची तपासणी फक्त खोक्याच्या बाहेरच्या स्थितीवरून होत होती. त्यामुळे ९ वापरलेले नग नवीन म्हणून गेले. साठ्यातली सर्व १४० खोकी उघडून बॅटरीची पट्टी पाहिली. पट्टी नसलेले १३ नग विक्रीतून काढले. नऊही ग्राहकांना पूर्ण रक्कम परत केली, ऑर्डर क्रमांक खाली दिले आहेत. परत आलेला कोणताही नग आता नवीन म्हणून विकला जात नाही. नवीन खेपेतील प्रत्येक खोकं उत्पादकाकडून सील लागून येतं, फोटो जोडला आहे.’

पहिल्यात एकही गोष्ट तपासता येत नाही. दुसऱ्यात प्रत्येक वाक्याला पुरावा मागता येतो. क्रियापदंही बघा: पहिल्यात ‘घेऊ’, दुसऱ्यात ‘काढले’, ‘केली’. वाचणाऱ्यासमोर दिवसाला अशा कितीतरी अर्जांचा ढीग असतो, तेव्हा एका पानात आटपा. उदरनिर्वाहाचं वाक्य मी रडकुंडीला येऊन लिहिलं होतं आणि ते खरंच होतं, पण त्याचा निर्णयाशी काही संबंध नसतो.

पाठवल्यावर रोज नवं अपील टाकू नका. उत्तराला उत्तर लागून गोंधळ होतो. नकार आला तर त्यात कोणती माहिती कमी आहे ते बघून तेवढीच भर घाला. आणि ‘हमखास खातं उघडून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. त्यांचा ठरलेला मसुदा शेकडो खात्यांतून गेलेला असतो, आणि तो वाचणाऱ्यालाही पाठ झालेला असतो.

बंद असताना

आधी घेतलेल्या ऑर्डर पाठवायच्याच. मेसेजना उत्तरं द्यायचीच. विक्री थांबली तरी जुन्या ऑर्डरवरचे दावे येत राहतात. ऑर्डर, परती, व्यवहार यांचे सगळे अहवाल पहिल्याच दिवशी उतरवून ठेवा. पैसे अडकतात, अ‍ॅमेझॉनवर साधारण ९० दिवस. त्या काळात परतावे आणि दावे त्यातूनच वळते होतात. युरोपीय संघातल्या ग्राहकांना विकणाऱ्या तिथल्या व्यवसायांना १२ जुलै २०२० पासून लागू झालेला संघाचा २०१९/११५० हा नियम उपयोगी पडतो. खातं रोखलं तर प्लॅटफॉर्मला कारण लेखी द्यावं लागतं, आणि सेवा पूर्णच संपवायची तर एरवी ३० दिवसांची पूर्वसूचना. वारंवार नियम मोडणाऱ्याला मात्र ती सवलत नाही.

खातं उघडल्यावर लगेच जाहिराती वाढवू नका. माझ्याकडे पहिले दोन महिने मी रोज पाठवता येतील तेवढ्याच नगांचा साठा दाखवला. दर सोमवारी चहा घेताना चार गोष्टी बघतो: आरोग्याचं पान, परतीची कारणं, उत्तर न दिलेले मेसेज आणि जुन्या इशाऱ्यांचा डबा. वीस मिनिटं लागतात.

परत आलेला माल आता लाल क्रेटमध्ये जातो आणि ती क्रेट पॅकिंगच्या टेबलापासून दूर, दुसऱ्या खोलीत असते. परवा तिच्यात सात काटे होते. चारांची पट्टी ओढलेली, दोहोंची काच तडकलेली, आणि एक अगदी कोरा, पट्टीसकट. मुलाने विचारलं, हा तरी मांडणीत ठेवू का? मी नाही म्हटलं. तो आता आमच्या स्वयंपाकघरात आहे.